गाडी झोपते, बॅटरी झोपत नाही

मिनेसोटा किंवा मॅनिटोबात ऑक्टोबरअखेर आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घर, अंगणात उभी केली की ती थेट एप्रिलमध्येच हलते. दिवे बंद असले तरी गॅसगळतीची सूचना देणारं यंत्र आणि रेडिओचं घड्याळ थोडी थोडी वीज पीतच राहतात. काही आठवड्यांत बॅटरी रिकामी. खरा धोका पुढेच. लेड-ॲसिड बॅटरी उतरते तसं तिच्यातलं आम्ल पातळ होत जातं, शेवटी जवळजवळ पाणीच उरतं. पूर्ण भरलेली बॅटरी उणे ५० अंश सेल्सिअसमध्येही गोठत नाही. उतरलेली मात्र उणे १०च्या आसपासच गोठते आणि तिचं खोकं तडकतं. म्हणून आधी पूर्ण चार्ज करा, मग वायरी सोडवा, ऋण टोकाची पहिली. महिन्यातून एकदा मीटर लावा, १२.४ व्होल्टच्या खाली दिसलं तर पुन्हा चार्जिंग. लिथियमची तऱ्हा वेगळी: तिला निम्म्या चार्जवर ठेवलेलं मानवतं, पण शून्य अंशाखाली चार्जिंग अजिबात नको. आणि सिमेंटच्या फरशीवर ठेवली की बॅटरी उतरते, ही समजूत जुन्या खोक्यांच्या काळातली. हल्लीची प्लास्टिकच्या खोक्यातली बॅटरी खुशाल ठेवा.