सशाचे कान आणि आपला उन्हाळा

आमच्या घरात सशाला ‘खरगोश’ म्हणतात. शब्द फारसी आहे. ‘खर’ म्हणजे गाढव आणि ‘गोश’ म्हणजे कान. गाढवासारखे कान असलेला, तो खरगोश. नाव ठेवणाऱ्याची नजर नेमकी तिथे गेली, जिथे या जिवाचं उन्हाळ्याचं सगळं गणित आहे. सशाला आपल्यासारखा घाम येत नाही. कुत्र्यासारखी जीभ बाहेर काढून धापा टाकणंही त्याला नीट साधत नाही. अंगातली उष्णता बाहेर टाकायला त्याच्याजवळ मुख्यतः कानच असतात. ऊन वाढलं की कानातल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यातून गरम रक्त फिरतं आणि बाहेरच्या हवेनं ते निवतं.

अडचण इथेच आहे. सशाच्या अंगाचं तापमान साधारण ३८.५ ते ४० अंश सेल्सिअस असतं. हवा त्याहून थंड आहे तोवर कान कामाचे. पण आमचं फुलसावंगी म्हणजे यवतमाळ जिल्ह्यातल्या महागाव तालुक्यातलं गाव. मे महिन्यात, त्यातही नवतपात, इकडे पारा ४३-४४ अंशांवर जातो. म्हणजे हवाच सशाच्या रक्ताहून गरम होते! मग कान उष्णता बाहेर टाकण्याऐवजी आत ओढतात. पंखा लावला तरी तो तीच गरम हवा अंगावर फेकतो. म्हणून विदर्भात ससा पाळायचा तर नुसती सावली आणि पंखा पुरत नाही. त्याच्याभोवतीची हवा आणि पोटाखालची जमीन आपल्याला थंड करून द्यावी लागते.

कोणी विचारील, मग आपल्या रानातला ससा कसा जगतो? तो वेगळा प्राणी आहे. मानेवर काळा डाग असलेला आपला ससा दिवसभर झुडपाच्या आडोशाला दबून बसतो आणि रात्री चरतो. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं त्याला संरक्षण आहे. शेतात त्याचं पिल्लू दिसलं तर ते घरी आणू नये. घरात पाळतात तो ससा स्पेन-पोर्तुगालकडच्या सशांचा वंशज. त्याचे पूर्वज दुपारी जमिनीखालच्या बिळात असत. आपण त्याला बिळाऐवजी जाळीचा पिंजरा देतो, तोही कधी टिनाखाली, कधी गच्चीवर. लोकरीसाठीच्या अंगोरा सशांवरचं सरकारी संशोधन हिमाचलातल्या कुलू जिल्ह्यात, गडसा इथे चालतं. तिथल्या थंडीचा विचार करा, म्हणजे आपल्या मे महिन्यात या जिवाची कशी ससेहोलपट होत असेल ते कळेल.

आता करायचं काय? पिंजरा टिनाखालून काढून घरातल्या सगळ्यात थंड खोलीत, जमिनीवर ठेवावा. सकाळी सावलीत असलेली जागा तीन वाजता उन्हात येते, हे लक्षात असू द्या. पश्चिमेची भिंत तर रात्रीपर्यंत तापलेली असते. बसायला शहाबादी फरशीचा तुकडा पाण्यात भिजवून, पुसून द्यावा. जुना माठ आडवा ठेवून बाहेरून ओलं गोणपाट गुंडाळलं की आत छान गार बीळ तयार होतं. फ्रीज असेल तर बाटलीत पाण्याचा बर्फ करून, फडक्यात गुंडाळून पिंजऱ्याच्या एका कोपऱ्यात ठेवा. सशाला हवं तेव्हा तो तिला टेकेल, नको तेव्हा दूर जाईल.

आपला कूलर कोरड्या हवेत उत्तम चालतो. मात्र खिडकी थोडी उघडी हवी आणि झोत थेट सशावर नको. जूनमध्ये हवा दमट झाली की कूलरचा भरवसा धरू नका. वायर त्याच्या दातांपासून दूर ठेवा. ससा दिसेल ते कुरतडतो.

पाणी पसरट, जड मातीच्या भांड्यात द्या, आणि एक नाही, दोन भांड्यांत. एक तो सांडणारच. गवत आणि कोथिंबिरीसारखा पाला धुऊन, ओलाच, सकाळी लवकर आणि दिवस मावळताना द्यावा. उरलेला पाला दुपारी नासतो, तो काढून टाका. पिंजरा रोज साफ करा. घाणीवर माश्या बसतात, अंडी घालतात आणि सशाच्या अंगात अळ्या पडतात.

सगळ्यात मोठा धोका वेगळाच आहे. ससा सहसा ओरडत नाही. ज्याची शिकार होते तो जीव आपलं दुखणं लपवतो. आमच्या गल्लीतल्या एका घरी दुपारी सगळे झोपले होते. उठून पाहतात तर ससा आडवा पडलेला. कोणाला हूं की चूं ऐकू आलं नव्हतं. म्हणून आपणच पाहायला हवं. कान लालबुंद आणि गरम, श्वास भराभर, तोंड उघडं, लाळ, सुस्ती, यातलं काहीही दिसलं तर ऊन लागलं समजा. त्याला गार जागी घ्या, साध्या थंड पाण्याच्या फडक्यानं कान पुसत राहा. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका, धक्क्यानं जीव जाऊ शकतो. तोंडात पाणी ओतू नका. फडकं ओलं ठेवून लगेच पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. अर्धा दिवस ससा काहीच खात नसेल तरीही डॉक्टरांना दाखवा.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलं बाजारात ससा मागतात. नाही म्हणावं असं माझं म्हणणं नाही. पण पैसे देण्याआधी घरात एवढं ठरवा, की दुपारी दोन वाजता, वीज गेलेली असताना, उठून गोणपाट ओलं कोण करणार? त्याचं नाव पक्कं झालं की ससा घरी आणा.