नेटस्केपची कोंडी

९ ऑगस्ट १९९५ रोजी नेटस्केप ही कॅलिफोर्नियातली कंपनी शेअर बाजारात उतरली. तिला सुरू होऊन दीड वर्षही झालं नव्हतं. २८ डॉलरना देऊ केलेला तिचा शेअर पहिल्याच दिवशी ५८ डॉलरच्या वर जाऊन बंद झाला. नफ्याचा अजून पत्ता नव्हता, पण इंटरनेटवर जायचं तर बहुतेकांचं तिच्या ‘नेव्हिगेटर’ या ब्राउझरशिवाय पान हलत नसे.

मायक्रोसॉफ्टमध्ये धोक्याची घंटा त्याआधीच वाजली होती. २६ मे १९९५ला बिल गेट्स यांनी अधिकाऱ्यांना लांबलचक टिपण पाठवलं आणि नेटस्केपचं नाव घेऊन इशारा दिला. भीती साधीसुधी नव्हती. उद्या सगळी कामं ब्राउझरमध्येच व्हायला लागली, तर खाली विंडोज आहे की आणखी काही, याची फिकीर कोण करणार?

जूनमध्ये दोन्ही कंपन्यांची माणसं भेटली. विंडोज ९५साठीचा ब्राउझर आमच्यावर सोडा, तुम्ही उरलेलं बघा, असं आपल्याला सुचवल्याचं नेटस्केपचं म्हणणं. मायक्रोसॉफ्टने ते साफ नाकारलं. पण नेटस्केपचे मार्क अँड्रीसन यांनी बैठकीत काढलेली टिपणं पुढे कोर्टात पुरावा म्हणून आली.

मायक्रोसॉफ्टचा ‘इंटरनेट एक्स्प्लोरर’ उभा राहिला तोही दुसऱ्या एका छोट्या कंपनीच्या, स्पायग्लासच्या, तंत्रज्ञानावर. विक्रीतून वाटा मिळेल अशी स्पायग्लासची अपेक्षा होती. ब्राउझर फुकट वाटला गेला. वाटा कशातला मागणार? वाद झाला आणि १९९७ साली ८० लाख डॉलरवर मिटला.

चांगला माल फुकट दिला म्हणून ग्राहक कधी तक्रार करत नाही, आणि एक्स्प्लोरर पुढे खरोखरच सुधारला, हेही मान्य करायला हवं. गैर होतं ते दुकानदारालाच वेठीला धरणं. १९९६मध्ये कॉम्पॅक या बड्या संगणक कंपनीने आपल्या प्रेसारिओ संगणकांच्या पडद्यावरून एक्स्प्लोररचं चिन्ह काढून टाकलं आणि नेव्हिगेटरला जागा दिली. मायक्रोसॉफ्टने विंडोजचा परवानाच रद्द करण्याची नोटीस धाडली. विंडोज नसलेला संगणक त्या काळी घेतला असता कोणी? कॉम्पॅकने मुकाट्याने ते चिन्ह परत बसवलं. एवढ्या मोठ्या कंपनीची ही गत, तर लहानांनी कोणाच्या जोरावर नाही म्हणायचं?

एओएल या इंटरनेट सेवेला मात्र गोडीने वळवण्यात आलं. विंडोजच्या पडद्यावर तिला जागा मिळाली आणि तिच्या लाखो ग्राहकांच्या हाती एक्स्प्लोरर गेला.

जानेवारी १९९८मध्ये नेटस्केपलाही आपला ब्राउझर फुकट करावा लागला. मे महिन्यात अमेरिकी सरकार आणि २० राज्यांनी मायक्रोसॉफ्टला कोर्टात खेचलं, पण निकालाची वाट पाहण्याइतकं बळ नेटस्केपमध्ये उरलं नव्हतं. नोव्हेंबरमध्ये तिने स्वतःला एओएलला विकण्याचा सौदा केला. न्यायाधीश जॅक्सन यांनी २००० साली मायक्रोसॉफ्टचे दोन तुकडे करण्याचा आदेश दिला. २००१मध्ये अपील न्यायालयाने तो रद्द केला, मात्र मायक्रोसॉफ्टने आपली मक्तेदारी बेकायदा मार्गांनी टिकवली, हा निष्कर्ष एकमताने कायम ठेवला.

म्हणजे नेटस्केपचं गाऱ्हाणं खरं ठरलं, पण ती दुसऱ्याच्या मालकीची झाल्यावर. बाजार महिन्यांच्या हिशेबाने पालटतो आणि कोर्ट वर्षांच्या. बलाढ्य कंपनीला एवढी सवड पुरते. कायद्याने इथे न्याय केला असं म्हणणं अवघड आहे. २००३मध्ये मायक्रोसॉफ्टने तडजोडीपोटी ७५ कोटी डॉलर मोजले, ते एओएलच्या मालक कंपनीला. २००८ साली एओएलने नेटस्केप ब्राउझर कायमचा बंद केला.