चार, तीन, दोन, एक

तेरा पानं हातात आली की ब्रिज खेळणारा माणूस ती रंगवार लावतो आणि मनातल्या मनात मोजू लागतो. एक्का चार, राजा तीन, राणी दोन, गुलाम एक. खेळाडू मुंबईच्या जिमखान्यातला असो की शिकागोच्या क्लबातला, मोजणी हीच. खेळाच्या नियमांत मात्र ती कुठेच नाही. ती घरोघरी पोचवली चार्ल्स गोरेन यांनी.

गोरेन यांचा जन्म 1901 मध्ये फिलाडेल्फियात, रशियातून आलेल्या ज्यू कुटुंबात झाला. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात कायदा शिकत असताना ब्रिजमधल्या त्यांच्या कच्च्या खेळाला एक मुलगी हसली. ते हसणं जिव्हारी लागलं आणि त्यांनी ब्रिजतज्ज्ञ मिल्टन वर्क यांचं पुस्तक अक्षरशः पिंजून काढलं. पुढे त्याच वर्क यांचे ते मदतनीस झाले, त्यांच्यासाठी लेखन करू लागले. 1936 मध्ये स्वतःचं पहिलं पुस्तक आलं आणि वकिलीला रामराम ठोकला.

तेव्हा ब्रिजच्या जगात ईली कल्बर्टसन यांचा शब्द प्रमाण होता. पानांची ताकद ते संभाव्य हातांवरून, म्हणजे ती किती फेऱ्या जिंकतील यावरून मोजत. एकाच रंगाचे एक्का-राजा म्हणजे दोन, एक्का-राणी म्हणजे दीड, साथीला लहान पान असलेला राजा अर्धा. पट्टीच्या खेळाडूला हे जमे. रविवारी शेजाऱ्यांबरोबर बसणारा मात्र अर्ध्या-दीडच्या हिशेबात अडके, आणि किती हात करू याची बोली चुकली की भागीदाराचे डोळे चुकवत बसे.

चार-तीन-दोन-एक ही मोजणी गोरेन यांनी शोधलेली नाही. ब्रायंट मॅकॅम्बेल यांनी ती 1915 मध्ये छापली होती, वर्क यांनी 1923 मध्ये तिचा प्रचार केला. पण ती नो ट्रम्पपुरतीच, म्हणजे हुकमाशिवाय खेळायच्या डावापुरतीच चाले. हुकूम ठरवून खेळायचं तर नुसते एक्के-राजे मोजून भागत नाही. एखाद्या रंगाचं पानच हातात नसेल, तर प्रतिस्पर्ध्याचा एक्का हुकमाच्या दुरीनेही मारता येतो. त्या नसलेल्या पानाला किंमत कशी द्यायची? टोरोंटोचे विमागणिती विल्यम अँडरसन यांच्या मदतीने गोरेन यांनी उत्तर दिलं: रंगाचं एकही पान नसेल तर तीन गुण, एकच असेल तर दोन, दोनच असतील तर एक. 1949 मध्ये त्यांचं गुणमोजणीवरचं पुस्तक आलं आणि चित्रच पालटलं.

वाटून आलेल्या तेरा पानांचं एक उदाहरण पाहू. इस्पिकचे एक्का, राजा, अठ्ठी, छक्की, तिरी. बदामचे राजा, नव्वी, पंजी, दुरी. चौकटची राणी, सत्ती, चौकी. किलवरची एकटी छक्की. मोठ्या पानांचे बारा गुण, एकट्या किलवरचे दोन, एकूण चौदा. बोलीची सुरुवात करायला तेरा पुरतात, चौदा असतील तर केलीच पाहिजे, असं गोरेन सांगत. समोर भागीदाराकडेही तेरा असतील तर दोघांचे मिळून किमान सव्वीस होतात, आणि इस्पिक किंवा बदाम हुकूम करून दहा हातांचा गेम साधायला साधारण सव्वीसच लागतात. गणित बेरजेइतकं सोपं.

याहून देखणा भाग पुढे आहे. बारा हातांच्या स्लॅमला तेहतीस गुण हवेत आणि तेरापैकी तेरा हातांच्या ग्रँड स्लॅमला सदतीस. हे आकडे कुठून आले? कॅटमध्ये मोठ्या पानांचे एकूण गुण चाळीस. तुमच्याकडे त्यांतले तेहतीस असले की प्रतिस्पर्ध्यांकडे उरतात सात. दोन एक्क्यांचे आठ होतात, म्हणजे दोन एक्के त्यांच्याकडे असूच शकत नाहीत. सदतीस असले तर उरतात तीन, म्हणजे एकही एक्का नाही. न पाहिलेल्या पानांबद्दल एवढी खात्री साध्या वजाबाकीतून मिळते, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

मोजणीत उणिवा आहेत. ती एक्क्याला कमी लेखते, राणी-गुलामाला जास्त भाव देते, आणि दश्शीला तर विचारतच नाही. गोरेन यांना याची जाणीव होती. चारही एक्के असतील तर एक गुण वाढवा, राजा एकटाच पडला असेल तर कमी करा, अशा दुरुस्त्या त्यांनीच दिल्या. केवळ प्रचारक म्हणून त्यांची बोळवण करणाऱ्यांनी त्यांचा खेळही पाहावा. 1950 मध्ये बर्म्युडात जागतिक अजिंक्यपद जिंकणाऱ्या अमेरिकन संघात ते होते. हेलन सोबेलसारख्या असामान्य खेळाडूबरोबर ते वर्षानुवर्षं जोडीने खेळले. 1958 मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर झळकले आणि पुढच्याच वर्षी टीव्हीवर ब्रिजचा कार्यक्रम घेऊन आले.

त्यांच्या बोलीपद्धतीतलं बरंच काही आता मागे पडलं आहे. चार पानांवर इस्पिक-बदामची बोली उघडायची त्यांची रीत अमेरिकेत जाऊन पाच पानांची आली. पण त्यांनी हट्ट धरला नाही. 1971 मध्ये सी. सी. वेई यांच्या प्रिसिजन या वेगळ्या बोलीपद्धतीवर त्यांच्या नावाने पुस्तक निघालं. माझ्या मते शोध लावणाऱ्याइतकाच मान तो शोध शेवटच्या बाकावरच्याला समजेल असा करणाऱ्याला मिळायला हवा, आणि ब्रिजमध्ये त्या मानावर पहिला हक्क गोरेन यांचा आहे. 1991 मध्ये ते गेले.

ब्रिज आपल्या आवाक्यातला नाही असं वाटणाऱ्यांनी आज घरातला कॅट काढावा, चौघांना तेरा-तेरा पानं वाटावीत आणि एक्का चार, राजा तीन असं मोजायला बसावं. मेंढीकोट येत असेल तर हात कसे करायचे ते तुम्हाला ठाऊकच आहे. बोली तेवढी शिकायची राहिली आहे.