‘औम’ प्रोसेसर आणि प्रस्थापितांची मक्तेदारी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

नागपूरच्या इतवारीत किराणा ओळीपासून सराफ्यापर्यंत कोणत्याही पेढीवर नजर टाकली तरी गादीशेजारी संगणकाचा पडदा दिसतो. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कराचा अंमल सुरू झाल्यापासून तर जमाखर्चाचे बहुतेक दप्तर या यंत्राच्याच स्वाधीन झाले आहे. त्या यंत्रातील सारी आकडेमोड ज्याच्या हातून होते तो प्रोसेसर जवळजवळ नेहमीच इंटेल अथवा एएमडी या दोन अमेरिकी कंपन्यांपैकी एकीचा असतो. म्हणूनच पुण्यात मुख्यालय असलेली सी-डॅक ही सरकारी संस्था ‘औम’ नावाचा प्रोसेसर सिद्ध करीत आहे, ही वार्ता कानी पडताच बाजारात दोन टोकांची मते व्हावीत, यात नवल नाही. एका पक्षास वाटते की आता इंटेलची सद्दी संपली. दुसऱ्यास वाटते की सरकारी खात्यातून निघालेली चिप अशा बलाढ्य कंपन्यांपुढे टिकणे त्रिकालात शक्य नाही. दोन्ही पक्ष परस्परविरोधी दिसत असले तरी दोघांचे गृहीतक एकच आहे, आणि ते म्हणजे या प्रोसेसरांची झुंज एकाच आखाड्यात होणार असून तिचा निकाल चिपच्या अंगच्या बळावर लागणार आहे. हे गृहीतकच तपासून पाहावयास हवे.

तत्पूर्वी वस्तूचा थोडा परिचय. केंद्र सरकारने २०१५ मध्ये ४,५०० कोटी रुपयांची तजवीज करून राष्ट्रीय महासंगणन अभियान हाती घेतले. ‘औम’ हे त्याच अभियानाचे अपत्य होय. जाहीर झालेल्या तपशिलानुसार या प्रोसेसरात आर्म कंपनीच्या ‘निओव्हर्स व्ही१’ जातीचे ९६ कोर आहेत, ते ४८-४८ असे दोन चिपलेटांत, म्हणजे चिपच्या दोन जोडतुकड्यांत, विभागलेले आहेत, आणि त्यांच्या दिमतीला नेहमीच्या डीडीआर५ स्मृतीखेरीज एचबीएम ही अतिवेगवान स्मृती त्याच आवरणात बसविलेली आहे. वीज लागते सुमारे ३२० वॅट, आणि अपेक्षित गती ४.६ टेराफ्लॉपहून अधिक, म्हणजे सेकंदाला ४.६ लाख कोटी दशांशगणिते. ऑगस्ट २०२४ मध्ये हैदराबादची मॉसचिप आणि जपानची सोशिओनेक्स्ट या कंपन्या आराखड्याच्या कामात सहभागी झाल्याचे जाहीर झाले.

गैरसमज : ‘औम’ आला की दुकानातल्या संगणकातून इंटेलची हकालपट्टी होईल.

वस्तुस्थिती : ‘औम’ दुकानासाठी नाहीच. हवामानाचे भाकीत, औषधी रेणूंची रचना, भूगर्भातील तेलाचा शोध अशी प्रचंड गणिते करणाऱ्या महासंगणकांसाठी तो योजलेला आहे. पेढीवरचा संपूर्ण संगणक जेवढी वीज खातो त्याहून अधिक वीज या एका प्रोसेसरला लागते. परंतु याहून महत्त्वाची अडचण निराळीच आहे. इंटेलने १९७८ मध्ये ८०८६ हा प्रोसेसर काढला, तेव्हापासून त्या घराण्यातील प्रोसेसर ज्या आज्ञावलीनुसार चालतात ती आणि आर्मची आज्ञावली या परस्परांहून सर्वस्वी भिन्न आहेत, आणि एकीसाठी सिद्ध केलेले सॉफ्टवेअर दुसरीवर जसेच्या तसे चालत नाही. चालवायचेच झाले तर मध्ये दुभाषा बसवावा लागतो आणि वेगाला कात्री लागते. हिशेबाची, बिलांची, साठ्याच्या नोंदींची जी सॉफ्टवेअरे बाजारात रुळली आहेत ती बहुतांशी विंडोजसाठी आणि इंटेलच्या घराण्यासाठी लिहिलेली असल्याने, या किल्ल्याची तटबंदी प्रोसेसरापेक्षा सॉफ्टवेअरचीच अधिक आहे. महासंगणकांच्या प्रांतात मात्र ही तटबंदी बुटकी आहे, कारण जगातील पहिल्या ५०० महासंगणकांपैकी झाडून सारे २०१७ पासून लिनक्सवर चालतात, आणि वैज्ञानिकांपाशी आपल्या कार्यक्रमांची मूळ संहिताच असल्याने ती नव्या प्रोसेसरसाठी पुन्हा संकलित करून घेता येते. ‘औम’ने आपले रणक्षेत्र तेथे निवडले, यात दूरदृष्टीच आहे.

गैरसमज : अजित, विक्रम, ध्रुव, औम हे सारे देशी प्रोसेसर एकाच जातीचे आहेत.

वस्तुस्थिती : यांची नावे वृत्तपत्रांत एका दमात घेतली जात असली तरी यांची कामे भिन्न आहेत. मुंबईच्या आयआयटीत रचलेला ‘अजित’ हा ३२ बिटांचा प्रोसेसर छोट्या नियंत्रक यंत्रांसाठी आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये प्रसिद्धीस आलेला ‘विक्रम ३२०१’ हा इस्रोच्या प्रक्षेपकांसाठी असून मोहालीच्या सरकारी कारखान्यात १८० नॅनोमीटरच्या जुन्या तंत्राने तो घडविला जातो; उणे ५५ ते १२५ अंश सेल्सियसपर्यंतच्या तापमानात न चळता काम करणे हाच त्याचा गुण, आणि तेथे वेगाची मातब्बरी फारशी नाही. डिसेंबर २०२५ मध्ये सी-डॅकनेच जाहीर केलेला ‘ध्रुव६४’ दोन कोरांचा व एक गिगाहर्ट्झचा आहे. यांपैकी कोणाचीही इंटेलच्या झिऑन वा एएमडीच्या एपिक या सर्व्हर-प्रोसेसरांशी तुलना करणे अन्यायाचे होय. त्या पंक्तीला बसण्याचा दावा ‘औम’चाच आहे.

गैरसमज : आपले ‘परम’ महासंगणक पूर्वीपासून देशी प्रोसेसरवरच चालतात.

वस्तुस्थिती : या समजुतीत अभिमान आहे, पण इतिहास नाही. अमेरिकी निर्यात-निर्बंधांमुळे क्रे कंपनीचा अद्ययावत महासंगणक मिळणे दुरापास्त झाले, तेव्हा मार्च १९८८ मध्ये सी-डॅकची स्थापना झाली आणि तिची सूत्रे डॉ. विजय भटकर यांच्याकडे आली. भटकर मूळचे अकोला जिल्ह्यातील मुरंब्याचे. त्यांनी अभियांत्रिकीची पदवी नागपूरच्या विश्वेश्वरय्या महाविद्यालयातून १९६५ मध्ये घेतली, आणि या नात्याने परमच्या कथेत विदर्भाचा वाटा आरंभापासूनचा आहे. १९९१ मध्ये सिद्ध झालेल्या ‘परम ८०००’ मध्ये मात्र ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर होते. ‘परम पद्म’ने जून २००३ मध्ये जागतिक यादीत १७१ वे स्थान पटकावले ते आयबीएमच्या पॉवर४ प्रोसेसरांच्या आधारे. २६ सप्टेंबर २०२४ रोजी राष्ट्रास अर्पण झालेल्या तीन ‘परम रुद्र’ महासंगणकांपैकी एक पुणे जिल्ह्यातील खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या दिमतीस आहे; त्यातील सर्व्हर सी-डॅकच्या आराखड्याचे, पण प्रोसेसर इंटेलचे झिऑन.

हे सांगण्यात परमचा उपमर्द नाही. स्वस्त व सहज मिळणारे अनेक प्रोसेसर परस्परांशी जोडून त्यांच्याकडून एकजुटीने काम करवून घेणे ही जी विद्या सी-डॅकने तीन दशके जोपासली, तीच महासंगणकाचा अर्धा प्राण आहे. उरलेला अर्धा प्राण परक्याच्या मुठीत होता, आणि ‘औम’चा खटाटोप आहे तो त्यासाठी.

गैरसमज : ‘औम’ पूर्णतः देशी आहे, किंवा, कोर आर्मचे असल्याने त्यात आपले काहीच नाही.

वस्तुस्थिती : दोन्ही विधाने अतिरेकी आहेत. कोरचा आराखडा ब्रिटनच्या आर्म कंपनीकडून सनद घेऊन आलेला आहे, आणि चिप घडणार आहे ती तैवानच्या टीएसएमसीच्या कारखान्यात, ५ नॅनोमीटर तंत्राने. भारतात तसा कारखाना नाही. गुजरातेत धोलेरा येथे टाटा समूह जो कारखाना उभारीत आहे त्याची झेपही २८ नॅनोमीटरपर्यंतच आहे. परंतु इतवारीच्या सराफ्यातील दागिन्याचे सोने आयातीचे आणि हात बंगाली कारागिराचा असला तरी नमुना ठरविणारी, कसाची हमी देणारी आणि गिऱ्हाइकाला जाब देणारी पेढीच असते, आणि म्हणून दागिना तिच्या नावाने ओळखला जातो. किती कोर, कोणती स्मृती, त्यांची परस्परांशी जोडणी कशी, सुरक्षेची व्यवस्था कोणती, हे निर्णय ज्याच्या हाती, चिपवर अधिकारही बऱ्याच अंशी त्याचाच. ॲपल, ॲमेझॉन, एनव्हिडिया या कंपन्याही आपल्या चिपा टीएसएमसीकडूनच घडवून घेतात. मात्र आर्मची सनद आणि तैवानची भट्टी या दोन्ही गोष्टी राजकारणाच्या लहरीवर हेलकावतात, याचे भान ठेवावयासच हवे.

गैरसमज : ९६ कोर म्हणजे ९६ कोर; आकडे जुळले की बरोबरी झाली.

वस्तुस्थिती : एएमडीने ९६ कोरांचा एपिक प्रोसेसर, तोही ५ नॅनोमीटरचा, नोव्हेंबर २०२२ मध्येच बाजारात आणला. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिने १९२ कोरांपर्यंत मजल मारली, आणि त्याच सुमारास इंटेलचा १२८ कोरांचा झिऑनही आला. ‘निओव्हर्स व्ही१’ हा कोर आर्मने २०२० मध्ये जाहीर केला. त्यानंतर व्ही२ आणि व्ही३ या दोन पिढ्या होऊन गेल्या. केवळ कोरांच्या मोजणीने पाहू गेल्यास प्रतिस्पर्धी पुढे निघून गेला आहे, हे मान्य करणेच प्रामाणिकपणाचे होय.

तथापि महासंगणकाचा वेग कोरांवर ठरतो त्याहून अधिक तो स्मृतीतून आकडे किती त्वरेने कोरांपर्यंत पोहोचतात यावर ठरतो. वैज्ञानिक गणितांच्या स्वरूपाशी अधिक जवळची मानली जाणारी ‘एचपीसीजी’ नावाची कसोटी लावली असता बडे बडे महासंगणक आपल्या कागदोपत्री सामर्थ्याच्या शेकडा काही थोडे अंशच दाखवू शकतात, याचे कारण हेच. कोर रिकामे बसतात आणि आकडे वाटेत असतात. जपानच्या ‘फुगाकू’ने ही गाठ ओळखली. त्याच्या प्रत्येक प्रोसेसरात गणनेसाठी आर्म घराण्याचे अवघे ४८ कोर होते, पण स्मृती एचबीएमची होती. आणि असे १,५८,९७६ प्रोसेसर जोडून जून २०२० पासून लागोपाठ चार याद्यांत त्याने जगात पहिले स्थान राखले, एचपीसीजीच्या यादीत तर त्याहूनही दीर्घकाळ. ‘औम’ने एचबीएमचा मार्ग पत्करला आहे तो याच हेतूने, आणि त्याची खरी आशाही तेथेच आहे.

गैरसमज : प्रस्थापितांची मक्तेदारी अभेद्य असते.

वस्तुस्थिती : एएमडीचाच दाखला घ्यावा. २००३ मध्ये ऑप्टेरॉन आणून तिने तीनच वर्षांत सर्व्हरच्या बाजारातील सुमारे चौथा हिस्सा काबीज केला, पुढील दहा वर्षांत चुकांमागून चुका करीत ती शेकडा एकाच्याही खाली घसरली, आणि २०१७ मध्ये एपिकच्या रूपाने पुनरागमन करून आज ती चौथ्या हिश्श्याच्याही पुढे गेली आहे. अर्थात तिची आज्ञावली इंटेलचीच असल्याने ग्राहकाला सॉफ्टवेअर बदलावे लागले नाही. आर्मच्या कुळाला ती सवलत नव्हती, तरी ॲमेझॉनने ‘ग्रॅव्हिटॉन’ रुजविला. त्याची तिसरी आवृत्ती याच व्ही१ कोरवर आधारलेली होती. ॲमेझॉनला ते साधले, कारण चिप घडविणारी आणि ती विकत घेणारी कंपनी एकच होती. फुगाकूमागेही जपान सरकार उभे होते. चीनची कथा अधिक बोलकी आहे: २०१५ मध्ये अमेरिकेने त्याच्या महासंगणक केंद्रांना इंटेलचे प्रोसेसर देण्यास मनाई केली आणि जून २०१६ मध्ये स्वतःच्या प्रोसेसरांवर चालणारा ‘सनवे ताइहुलाइट’ जागतिक यादीत अव्वल आला. या चारही दाखल्यांवरून मक्तेदारी फुटते हे जसे दिसते, तसेच हेही दिसते की ज्याला सॉफ्टवेअरची आडकाठी नव्हती किंवा ज्याचे गिऱ्हाईक आधीच निश्चित होते, त्यालाच ती फोडता आली.

गैरसमज : चिप एकदा हाती आली की काम फत्ते.

वस्तुस्थिती : युरोपची कहाणी येथे मार्गदर्शक ठरावी. सायपर्ल या फ्रेंच कंपनीने एप्रिल २०२० मध्ये आर्मची सनद घेऊन ‘ऱ्हिया१’ हा प्रोसेसर रचावयास घेतला; कोर तेच व्ही१, संख्या ८०, सोबत एचबीएम. त्याचा आराखडा प्रत्यक्ष कारखान्याकडे रवाना होण्यास जुलै २०२५ उजाडला, आणि तोवर जर्मनीतील ज्या ‘ज्युपिटर’ महासंगणकात तो बसावयाचा होता त्याचा मोठा भाग एनव्हिडियाच्या चिपांनी भरून गेला होता. आराखड्यापासून कारखान्यापर्यंतच्या वाटेवर ज्याची पाच वर्षे जातात, त्याला पहिल्या पिढीत प्रस्थापिताची बरोबरी साधत नाही. पण पहिली पिढी हाताबाहेर गेली म्हणून जो दुसरीचे काम तहकूब करतो, त्याची आजवरची सारी मेहनत अक्षरशः खर्ची पडते. कारण या विद्येत शिकलेली माणसे हेच भांडवल आहे, आणि काम थांबले की ती माणसे दुसऱ्याच्या पदरी जातात.

आता मूळ प्रश्न: ‘औम’ इंटेल-एएमडीला टक्कर देईल काय? खुल्या बाजारात, किमतीच्या आणि वेगाच्या मोजणीवर, पहिल्या पिढीत नाही. सरकारी महासंगणकांच्या मर्यादित प्रांतात, स्मृतीवर भार टाकणाऱ्या गणितांपुरती, तो मानाची जागा मिळवू शकतो, आणि तसे झाल्यास पुढील खरेदीच्या वेळी परदेशी विक्रेत्याशी बोलताना भारताचा शब्द आजच्यापेक्षा वजनदार होईल, हाही लाभ लहान नव्हे. यशापयशाचा हिशेब मांडताना तीन बाबी विचाराव्यात: चिप प्रत्यक्ष हाती येण्यास उरलेली मुदत किती घटली, या प्रोसेसरवर किती महासंगणकांची लेखी मागणी नोंदली गेली, आणि दुसऱ्या पिढीच्या आराखड्यासाठी अंदाजपत्रकात रक्कम मंजूर झाली की नाही. कोरांची संख्या या तिन्हींनंतर येते.