कढईतले आईस्क्रीम

आईस्क्रीम आणि कढत तेल ही दोन नावे एका वाक्यात आली की ऐकणारा प्रथम हसतो. परंतु मोठ्या शहरांतील चायनीज पद्धतीच्या उपाहारगृहांत, जेवणाच्या शेवटी, दरसानच्या शेजारी हा पदार्थ यादीत हमखास असतो. बाहेरून खमंग व कुरकुरीत, आत मात्र दातांना कळ लावणारा असा तो गोळा बशीत आला की मुले विचारतात, ‘हे वितळले कसे नाही?’ त्यात ना जादू आहे, ना एखादे खास यंत्र. घरातील कढई, झारा आणि चांगला गारठवणारा फ्रीझर एवढ्या साधनांवर तो होतो. मात्र दोन दिवसांची सबुरी त्याला लागते, आणि कढईपाशी निष्काळजीपणा त्याला मुळीच खपत नाही.

पारी आणि सारण

करंजी करणाऱ्या गृहिणीला या पदार्थाचे मर्म निराळे सांगावे लागत नाही. करंजीची कड नीट मुरडली नाही तर ती तळणीत फुटते, सारण तेलात जाते आणि पुढचा सगळा घाणा काळवंडतो. येथे सारण आईस्क्रीमचे आणि पारी पावाची, एवढाच काय तो फरक.

पावाच्या जाळीत हवा कोंडलेली असते, आणि हवेतून उष्णता फार सावकाश जाते. आईस्क्रीमच्या जुन्या पॉटला लाकडी बादली असे, ती याच कारणासाठी. बर्फ व मीठ यांच्या मिश्रणाची थंडी शून्याखाली बरीच उतरते. लाकूड बाहेरची उष्णता तेथवर सहजी पोचू देत नाही. कढईत पाव तेच काम करतो. शिवाय बर्फ स्वतःच मोठा चिवट असतो. १ ग्रॅम बर्फाचे नुसते पाणी व्हायला सुमारे ८० कॅलरी उष्णता खर्ची पडते. तेवढ्या उष्णतेत १ ग्रॅम पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापले असते. म्हणून १०-१५ सेकंदांच्या तळणीत कवच लालसर होते आणि उष्णता आतल्या गोळ्यापर्यंत पोचण्यापूर्वीच तो बाहेर निघतो.

पाश्चात्त्य स्वयंपाकघरांत ही युक्ती जुनीच आहे. न्यूयॉर्कच्या डेल्मोनिको उपाहारगृहाचे मुख्य आचारी चार्ल्स रॅनहोफर यांनी १८९४ साली छापलेल्या आपल्या पाकग्रंथात ‘अलास्का, फ्लोरिडा’ नावाचा पदार्थ दिला आहे. त्यात केकवर ठेवलेल्या आईस्क्रीमभोवती अंड्याच्या पांढऱ्याचा फेस लावून ते कडक भट्टीत क्षणभर भाजतात. फेसातील हवा तेथे राखणदार. पुढे १९६९ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमधील व्याख्यानात पदार्थवैज्ञानिक निकोलस कुर्टी यांनी सूक्ष्मलहरींच्या भट्टीत याच्या नेमके उलट करून दाखवले: बाहेर गार, आत गरम! अमेरिकेतील मेक्सिकन धाटणीच्या उपाहारगृहांत कॉर्नफ्लेक्सचे कवच, दालचिनी आणि मध यांसह तळलेले आईस्क्रीम देतात. पुढील कृती त्याच वळणाची, पण बिनअंड्याची आहे.

साहित्य (४ जणांसाठी)

अर्धा लिटर घट्ट व्हॅनिला आईस्क्रीम, मऊ पावाचे ८ मोठे काप, २ वाट्या कॉर्नफ्लेक्स, अर्धी वाटी सुक्या खोबऱ्याचा कीस, अर्धा चमचा दालचिनीची पूड, २ लहान चमचे कॉर्नफ्लोअर, १ वाटी पाणी, तळणीसाठी तेल.

आईस्क्रीम घेताना वेष्टन वाचावे. आपल्या देशाच्या अन्ननियमांनुसार साध्या ‘आईस्क्रीम’मध्ये दुधाची स्निग्धता किमान १० टक्के असावी लागते, वनस्पतिजन्य स्निग्धता असलेल्या मालावर ‘फ्रोझन डेझर्ट’ असे लिहिलेले असते. घरी आटवलेल्या दुधाची कुल्फी केली तर अधिक चांगले. ती घोटून फुगवलेली नसल्याने दगडासारखी घट्ट होते आणि गोळा आकार सोडत नाही.

कृती

पहिल्या दिवशी स्टीलचे ताट फ्रीझरमध्ये गार करून त्यावर बटर पेपर पसरावा. मोठ्या लिंबाएवढे ४ गोळे झटपट वळून त्यावर ठेवावेत आणि किमान ४ तास गोठू द्यावेत. पावाच्या कडा काढून काप लाटण्याने पातळ लाटावेत. एका गोळ्याला दोन काप लपेटून सांधे ओल्या बोटाने दाबून बंद करावेत, प्लॅस्टिकच्या कागदात घट्ट आवळावेत व रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवावेत.

दुसऱ्या दिवशी कॉर्नफ्लोअर पाण्यात कालवून मंद आचेवर ढवळत त्याची पातळ, पारदर्शक खळ शिजवावी आणि फ्रीजमध्ये अगदी गार करावी. कच्चे पीठ येथे कामाचे नाही. १५ सेकंदांत ते शिजत नाही आणि त्याची चव जिभेवर राहते. कॉर्नफ्लेक्स जाडसर चुरून त्यात खोबरे व दालचिनी मिसळावी. गोळा खळीत बुडवून चुऱ्यात घोळवावा, तासभर गोठवावा, आणि पुन्हा एकदा तसेच करावे. दुसऱ्या थरानंतर किमान ६ तास थंडीत ठेवणे आवश्यक आहे. घाई येथेच नडते.

एकदारी फ्रीजच्या वरच्या कप्प्यात बर्फ जमतो म्हणून त्याच्यावर विसंबू नये. पाणी शून्य अंशाला गोठते; साखरेमुळे आईस्क्रीम मात्र त्या थंडीला मऊच राहते. त्याला उणे १८ अंशांच्या आसपासची थंडी हवी. चमचा सहज आत शिरत असेल तर हा बेत त्या फ्रीजवर करू नये. वीज जाऊन वितळलेले आईस्क्रीम पुन्हा गोठवून वापरणे तर आरोग्याच्या दृष्टीनेही अयोग्य.

कढईपाशी

आता सर्वांत महत्त्वाचे. पाण्याची वाफ होताना ती मूळ आकारमानाच्या सुमारे १,७०० पट पसरते. कवचाला भेग असेल तर वितळलेले आईस्क्रीम कढत तेलात उतरते, क्षणार्धात त्याची वाफ होते आणि तेल उसळून हातातोंडावर येते. म्हणून तळण्यापूर्वी प्रत्येक गोळा फिरवून पाहावा. भेग दिसली तर त्याला तळणीचा मोह धरू नये; तो तसाच बशीत घालून खावा. पृष्ठभागावर हिमकण जमले असतील तर ते कोरड्या फडक्याने झटकावेत.

कढई खोल घ्यावी व निम्म्याहून कमी भरावी. मुलांना स्वयंपाकघराबाहेर बसवावे. त्यांचे कुतूहल बशीपाशी भागेल. तेल १८० ते १९० अंशांवर असावे. पावाचा बारीक तुकडा टाकल्यावर अर्ध्या मिनिटात तांबूस झाला की ते तयार समजावे. एका वेळी एकच गोळा झाऱ्यावरून अलगद सोडावा, तेल वरून उडवावे आणि १०-१५ सेकंदांत काढून कागदावर टिपावा. पुढचा गोळा फ्रीझरमधून त्याच क्षणी काढावा, आधी नव्हे.

तेलाने पेट घेतल्यास पाणी कदापि ओतू नये. गॅस बंद करून कढईवर धातूचे झाकण सरकवावे. भाजलेला भाग सुमारे २० मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली धरावा. तूप, टूथपेस्ट किंवा बर्फ लावू नये, आणि फोड मोठा असल्यास डॉक्टरांकडे जावे.

वाढताना वरून मध, चॉकलेटचे सार किंवा केशर घातलेली रबडी घालता येते. गुलकंदही शोभतो. मात्र पाहुणे पाटावर वा टेबलाशी बसल्यावरच कढईत गोळा सोडावा. या पदार्थाचे आयुष्य चार-पाच मिनिटांचे. पहिल्या चमच्याला कवच कुरकुरले आणि आतला गोळा अजून घट्टच निघाला, तर दोन दिवसांची सबुरी कामी आली असे खुशाल समजावे.