डाळिंब तडकतं तेव्हा

यवतहून एका वाचकाचा प्रश्न आलाय. आंबे बहाराची बाग, फळ काढणीला आलेलं. कालव्याचं आवर्तन लांबलं, शेवटी पाणी आल्यावर त्यांनी बाग पोटभर भिजवली. चार दिवसांत निम्मी फळं तडकली. ‘दुकानदार म्हणतो बोरॉन मारा. मारू का?’

डाळिंबाची साल म्हणजे दाण्यांचा सदरा. पण दाण्यांबरोबर वाढत जाणारा. पाण्याचा ताण पडला की हा सदरा वाढायचा थांबतो, निबर होतो. मग एकदम पाणी मिळालं की दाणे फुगतात आणि निबर साल टर्रकन उकलते. बहुतेक वेळा हे रात्री घडतं, कारण फळ दिवसा किंचित आकसतं आणि रात्री फुगतं.

नुकसान खरं बोचतं ते वेळेमुळे. छाटणी, खतं, फवारण्या, मजुरी, सगळा खर्च त्या फळानं खाऊन झालेला असतो. दाणे तितकेच गोड, पण भाव रसवाल्याचा. शिवाय एक तडकं फळ क्रेटमध्ये गेलं तर शेजारची चांगली फळंही नासवतं.

आता बोरॉन. कॅथरीन वॉरिंग्टन हे नाव तुमच्या कानावर आलं नसेल. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात त्यांनी बाकल्याची रोपं बोरॉनशिवाय वाढवून पाहिली, ती जगेनात. हे 1923 साली. पुढच्याच दशकात न्यूझीलंडमध्ये नेल्सनच्या सफरचंदांचा गर आतून तपकिरी, बुचासारखा होत होता. बोरॉन दिल्यावर तो सुधारला. बागाच्या बागा चिमूटभर द्रव्यानं सावरल्या! पेशींच्या भिंतींत पेक्टिनच्या साखळ्या असतात, त्यांना बोरॉन जोडीजोडीनं गाठ मारतो, हे कळायला मात्र 1990चं दशक उजाडलं.

म्हणजे सालीच्या मजबुतीला बोरॉन लागतो; दुकानदार खोटं बोलत नाही, अर्धं बोलतो. नेल्सनच्या जमिनीत बोरॉन कमी होता. तुमच्या आहे का? पुरेसा असेल तर फवारणीचे पैसे वाया, आणि जास्त झाला तर पानांच्या कडा करपतात; कमी आणि जास्त यांतली फट फार अरुंद. उकललेली साल तर कुठलीच बाटली शिवत नाही.

तेव्हा आधी माती आणि पानं तपासून घ्या. पुढच्या बहाराला बुडात उसाचं पाचट अंथरा. तुमच्या दौंड तालुक्यात त्याला तोटा नाही. आवर्तनाचं पाणी शेततळ्यात धरून ठिबकनं रोज थोडं थोडं द्या. आणि आवर्तन लांबलंच, तर पाणी आल्या दिवशी बाग पोटभर भिजवायचा मोह आवरा.