घरची मोटार आणि वेगाचा छंद

नागपुराहून रायपुराकडे जाणारा महामार्ग लाखनीवरून जातो. त्यावरून रात्रंदिवस धांवणाऱ्या गाड्यांचा आवाज आपल्या कानांस इतका सरावाचा झाला आहे कीं, आपण तिकडे सहसा लक्ष देत नाहीं. परंतु एखादी लहानशी मोटार अकस्मात् मोठी गर्जना करीत निघून गेली म्हणजे वर्गांतील अर्धींअधिक मुलें खिडकीकडे पाहतात, आणि मधल्या सुटींत तिच्याविषयीं वाद रंगतो. कारखान्यांतून बाहेर पडली तेव्हां ती गाडी अशी नव्हती. मग मालकानें तिच्यांत केलें तरी काय? हा प्रश्न विद्यार्थ्यांनीं विचारावा असाच आहे, व त्याचें उत्तर पदार्थविज्ञानाच्या पुस्तकाबाहेरचें नाहीं.

हा छंद आपल्या भागास परकाही नाहीं. ज्यानें शंकरपट पाहिला आहे त्यास तो निराळा समजावून सांगण्याची गरज पडूं नये. पटाच्या जोडीचा मालक वर्षभर बैलांचा खुराक संभाळतो, त्यांचे खूर पाहतो, आंसास वंगण देतो. आणि पटाचा छकडा शेताच्या बंडीहून किती हलका असतो! बैल तेच, जोर तोच, पण ओढावयाचें वजन कमी, म्हणून वेग अधिक. मोटारीचे शौकीनही प्रथम हेंच करतात. मागची बैठक काढतात, जड टप काढतात. यांत एक पैचा खर्च नाहीं, आणि आमच्या मतें साऱ्या युक्त्यांत ही सर्वांत शहाणपणाची.

महाराष्ट्रांत अशा घरगुती उद्योगाची खरी शाळा म्हणजे ‘पद्मिनी’ मोटार. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापिली. मुंबईस कुर्ला येथें तिचा कारखाना होता. इटलीच्या फियाट कंपनीशीं करार होऊन तेथें फियाट मोटारी तयार होऊं लागल्या, व १९६४ सालीं निघालेली ‘फियाट ११०० डिलाइट’ हीच पुढें १९७४ च्या सुमारास ‘प्रीमियर पद्मिनी’ या नांवानें ओळखली जाऊं लागली. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी ती हीच. अशा शेवटच्या टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजीं झाली, आणि वीस वर्षांची मुदत भरतांच २०२३ च्या ऑक्टोबरांत पद्मिनी टॅक्सीच्या धंद्यांतून नाहींशी झाली. तथापि खासगी शौकिनांच्या अंगणांत ती अद्याप जिवंत आहे. याचें कारण तिचें इंजिन उघडेंबोडकें व समजण्यास सोपें. चार पाने, एक पेचकस आणि थोडा धीर यांवर तिचें पुष्कळसें काम निभावतें.

आतां इंजिनाचें माप पाहूं. पद्मिनीच्या इंजिनांत चार सिलिंडर असत. प्रत्येकाचा व्यास ६८ मिलिमीटर व पिस्टनची धांव ७५ मिलिमीटर. वृत्तचितीचें घनफळ काढण्याची रीत तुम्हांस येतेच. त्रिज्या ३.४ सेंटिमीटर, तिचा वर्ग ११.५६, त्यास ३.१४१६ नें गुणून तळाचें क्षेत्रफळ ३६.३ येतें; त्यास ७.५ या धांवेनें गुणावें म्हणजे एका सिलिंडरचें घनफळ सुमारें २७२ घन सेंटिमीटर, आणि चारांचें १०८९. गाडीच्या माहितीपत्रकांत ‘१०८९ सी. सी.’ असें छापतात त्याचा अर्थ एवढाच. एवढ्या इंजिनांतून चाळीसच्या आसपास अश्वशक्ती निघे.

ती वाढवावी कशी? शौकिनांची जुनी युक्ति म्हणजे इंजिनाचें हेड घासून घेणें. पिस्टन वर आला म्हणजे त्याच्या माथ्यावर जी पोकळी उरते, तींत हवा व पेट्रोल यांचें मिश्रण दाबलें जातें, आणि जितका दाब अधिक तितकी ज्वलनापासून मिळणारी शक्ति अधिक. समजा, ही पोकळी ४२ घन सेंटिमीटर आहे. तर २७२ अधिक ४२ भागिले ४२, म्हणजे दाबाचें प्रमाण सुमारें साडेसात. हेडाचा थोडासा थर घासून पोकळी ३६ वर आणली, तर तेंच प्रमाण साडेआठावर जातें. फरक केवढ्याचा? सहा घन सेंटिमीटरांचा, म्हणजे चहाच्या एका चमच्याहून किंचित् अधिक! पण याच चमच्यानें कित्येकांचीं इंजिनें निकामी केलीं आहेत. दाब वाजवीपेक्षां वाढला कीं मिश्रण ठिणगीची वाट न पाहतां भलत्याच वेळीं व भलत्याच ठिकाणीं पेट घेतें. चढावर गाडीच्या पोटांत कोणी हातोडीनें ठोकीत आहे असा आवाज येऊं लागतो, व दुर्लक्ष केल्यास पिस्टनला भोंक पडतें.

दुसरी युक्ति इंजिनाच्या श्वासाची. मोठा कार्बोरेटर बसवावा, हवेची गाळणी मोकळी करावी, धूर जाण्याची नळी रुंद करावी. येथें एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण आमच्या मुलांत तीविषयीं मोठा गैरसमज आहे. सायलेन्सर काढून टाकल्यानें आवाज वाढतो. शक्ति वाढतेच असें नाहीं. हवा अधिक आली आणि पेट्रोल तितकेंच राहिलें, तर मिश्रण पातळ होऊन इंजिन उलट तापतें. जाणता मनुष्य अशा वेळीं स्पार्क प्लग काढून त्याचें टोंक पाहतो. तें मातकट तपकिरी असलें तर मिश्रण बरोबर. काजळीनें काळें असलें तर पेट्रोल जास्त. पांढुरकें असलें तर कमी. वैद्यानें जीभ पाहावी तसाच हा प्रकार आहे. गल्लींतून फटफट करीत जाणाऱ्या दुचाकीच्या स्वारास हें बहुधा ठाऊक नसतें.

परंतु शक्तीपेक्षां महत्त्वाचा प्रश्न थांबण्याचा. चालत्या वस्तूची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. ताशीं ४० किलोमीटरांची गाडी ८० वर नेली, तर वेग दुप्पट होतो, पण ऊर्जा चौपट होते. आणि ती सर्व ब्रेकांस उष्णतेच्या रूपानें गिळावी लागते. पद्मिनीच्या चारही चाकांस ड्रमाचे ब्रेक असत. ते फार तापले म्हणजे त्यांची पकड ढिली पडते, व पाय कितीही जोरानें दाबला तरी गाडी पुढेंच सरकते. शिवाय चालकास संकट दिसल्यापासून त्याचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद तरी जातो. ताशीं ६० च्या वेगांत त्या एका सेकंदांत गाडी जवळजवळ १७ मीटर जाते. १०० च्या वेगांत २८ मीटर. ज्या रस्त्यावर शाळेचीं मुलें, सायकली, धानाच्या बंड्या आणि म्हशी एकाच वेळीं असतात, तेथें हे अकरा मीटर म्हणजे एका मुलाचा जीव होय. म्हणूनच खरा शौकीन आधीं ब्रेक, टायर व सुकाणूचे सांधे सुधारतो, आणि मग इंजिनास हात लावतो. ज्यानें हा क्रम उलटा केला, त्यास कारागीर म्हणण्यास आम्ही तयार नाहीं.

कायद्याचेंही बोलणें येथेंच उरकून घेऊं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वयें, नोंदणींतील तपशिलाशीं जुळणार नाहीं असा फेरबदल वाहनांत करतां येत नाहीं, आणि सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ मध्यें हेंच बजावलें आहे. इंजिन बदलावयाचें तर आधीं परवानगी घेतली पाहिजे.

मग वेगाची हौस कोठें भागवावी? तिच्यासाठीं वेगळ्या जागा आहेत. मद्रासजवळील शोलावरमच्या जुन्या धांवपट्टीवर पुष्कळ वर्षें शर्यती होत, व त्यांत घरीं सजविलेल्या फियाट गाड्याही धांवत. पुढें १९९० सालीं त्याच शहराजवळ इरुंगट्टुकोट्टै येथें कायमचा मार्ग झाला. कोइमतूरचे एस. करिवर्धन यांनीं तर मारुती ८०० चें तीन सिलिंडरांचें साधें इंजिन घेऊन एकट्यानें बसावयाच्या शर्यतीच्या गाड्या बनविल्या. आपल्याकडे जें इंजिन भाजी आणावयास जाई, तेंच तिकडे नवशिक्या शर्यतवीरांचा पहिला गुरु झालें!

पालकांस एक विनंती आहे. मुलगा किंवा मुलगी मोटारीच्या टपाखालीं डोकावूं लागली, तर ‘हात काळे होतील’ म्हणून तिला हांकलूं नये. निगा राखण्याचें काम मुलांबरोबर करण्यासारखें आहे: तेलाची पट्टी पुसून पाहणें, पाण्याची पातळी पाहणें, पंख्याचा पट्टा किती दबतो तें अंगठ्यानें अजमावणें, टायरमधील हवा मोजणें. जुन्या गाडींत टॅपेटची फट पातळ पोलादी पात्यानें मोजतात. पातें ना सैल ना घट्ट, असें किंचित् अडकत सरकलें पाहिजे. ही जाण पुस्तकानें येत नाहीं, बोटांनींच येते. ब्रेकचें तेल हवेंतील ओलावा शोषून घेतें, म्हणून उघडा राहिलेला डबा पुन्हां वापरूं नये.

आणि गाडी जॅकवर उचलली असतां तिच्याखालीं कोणीही शिरूं नये. जॅक हा उचलण्यासाठीं आहे, तोलून धरण्यासाठीं नाहीं. जमीन टणक व सपाट असावी, जमिनीवरच्या चाकांस पुढून-मागून ओंडके लावावे, गाडीखालीं लोखंडी घोडे द्यावे. विटा नकोत, त्या भारानें एकाएकीं फुटतात. काम संपल्यावर प्रथम अंगणांतच पावलाच्या गतीनें गाडी चालवून ब्रेक लागतात कीं नाहीं तें पाहावें, आणि चाक काढलें असल्यास पन्नासएक किलोमीटर चालल्यावर त्याचे नट पुन्हां एकदां आवळावे.